खंडू जेवत नाही

घरात कुणी जेवत नसलं की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो. दुसरं काहीतरी वाढून बघायचं. खंडू डिसेंबरात आमच्या घरी आला आणि त्यानं ताटलीकडे ढुंकूनही बघितलं नाही, तेव्हा नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या मजल्यावर हीच उपाययोजना सुरू झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, उकडलेलं अंडं कुस्करून द्या. कंपनीतल्या एकानं पिकलेलं केळं सुचवलं. आई दूधभातावर अडून बसली, "अरे, मऊ असतो, घशाखाली उतरेल त्याच्या." सरपटणाऱ्या प्राण्यांना दूध पचत नाही हे तिला पटवण्यात एक संध्याकाळ गेली, आणि तरीही तिला ते पुरतं पटलं असं मला वाटत नाही.

खंडू म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. नाव भारदस्त असलं तरी जात सरड्याचीच, मूळ मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातली. शेपटीसकट दीड-पावणेदोन फूट लांब. हनुवटीखाली मऊ काट्यांची झालर असते, चिडला की ती फुगवून काळी करतो, तीच त्याची दाढी. अंगावर हळदीचा पिवळा रंग, म्हणून आईनं पहिल्याच दिवशी भंडाऱ्यावरून नाव ठेवलं. लिफ्टमध्ये भेटणारे सगळे मात्र "घोरपड पाळली का हो?" असंच विचारतात. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणं सरळ गुन्हा आहे, हे मी आता तीन मजल्यांच्या प्रवासात सांगून संपवू शकतो. खंडू पिंजऱ्यातच जन्मलेला. ऑस्ट्रेलियातून तिथले प्राणी पाळण्यासाठी विकायला बाहेर जाऊ देत नाहीत, जगभर घरांतून दिसतात ते असे पैदास केलेलेच. आमच्याकडे तो मुलीच्या क्लासमधल्या मैत्रिणीच्या भावाकडून आला. त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि तिथल्या खोलीवर प्राणी चालणार नव्हते. प्राणी घेताना मी त्याच्याकडून लिहून घेतलं, बिलं घेतली. कुणाला असा विदेशी प्राणी घ्यायचा असेल तर नोंदणीचं काय ते वनविभागाकडे आधी विचारावं. प्राणी घरात आल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

त्या मुलानं सोबत एक वाक्य दिलं होतं, "काका, हा फक्त सुपरवर्म खातो, पाला तोंडात घेत नाही." सुपरवर्म म्हणजे पक्ष्यांच्या आणि माशांच्या दुकानात मिळणाऱ्या त्या जाड तपकिरी अळ्या. आमच्याकडे आल्यावर खंडूनं त्याही सोडल्या. अळी समोरून वळवळत गेली तरी हा डोळे मिटून वाळूवर पडलेला. पोटावर लांबट काळपट डाग उमटले होते, ते ताणाचे.

नवी जागा मिळाली की हे सरडे आठवडा-दोन आठवडे जेवत नाहीत, ही नेहमीची गोष्ट आहे. मोठा, दोन वर्षांचा, अंगानं भरलेला प्राणी तेवढं सहज सोसतो. पिल्लाचं तसं नसतं, त्याला वाट बघायला वेळच नसतो. म्हणून "रुळतोय" आणि "आजारी आहे" यातला फरक ओळखायला मी पहिली वस्तू बाहेर काढली ती स्वयंपाकघरातला वजनकाटा. आला त्या दिवशी ३१२ ग्रॅम. त्यातून दहा टक्के वजा केले की २८१. हा आकडा खडूनं फ्रिजच्या बाजूला लिहिला आणि घरात जाहीर केलं, काटा याच्या खाली गेला तर वाट बघायची नाही. तोवर कुणी त्याच्या तोंडाशी काही न्यायचं नाही.

आणि मग मी ताटली सोडून पेटीकडे वळलो.

मी सातपूरला एका कंपनीत हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे धातू भट्टीत तापवण्याच्या कामात आहे. दिवसभर भट्टीचं तापमान बघणं हेच काम, त्यामुळे इन्फ्रारेड गन, म्हणजे हात न लावता तापमान मोजणारं यंत्र, घरी होतीच. खंडूसोबत आलेला संसार म्हणजे माशांची दोन फुटी काचेची टाकी, खाली वाळू, वर एक पिवळा बल्ब, आणि काचेच्या झाकणावर ठेवलेला गुंडाळीचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा बल्ब. बल्बखालच्या वाळूवर गन धरली तर ३१ अंश. दुसऱ्या टोकाला २२. या सरड्याला उन्हाची जागा ३८ ते ४२ अंशांची लागते आणि सावलीची साधारण २५ ची, म्हणजे तो आपलं आपण इकडून तिकडे सरकून अंग हवं तेवढं तापवतो. आपलं शरीर आतून गरम राहतं, त्याचं राहत नाही. अंग तापलं नाही तर जठर चालत नाही, आणि गार पोटात गेलेली अळी पचण्याऐवजी कुजते. ३१ अंशांवर बसलेल्या खंडूनं जेवण नाकारलं यात मला त्याचा शहाणपणाच दिसला. दिवसभर ८५० अंशांशी झुंजणारा मी पुढचे काही दिवस ४० अंशांसाठी घायकुतीला आलो होतो ती गोष्ट वेगळी.

नाशकातला डिसेंबर म्हणजे दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडायच्या आणि रात्री दोन गोधड्या. निफाडला पारा पाच-सहावर आला की पेपरात फोटो येतो, आमच्या फ्लॅटमध्ये तेवढं नसलं तरी पहाटे हॉलमध्ये पंधरा-सोळा असतंच. रात्री अठरापर्यंत उतरलेलं चालतं, त्याखाली नको. म्हणून रात्रीसाठी सिरॅमिक हीटर घेतला, तो ऊब देतो पण उजेड देत नाही. अंधाराशिवाय यांची झोप होत नाही.

सिडकोतल्या एका सुतारानं चार बाय दोन बाय दोनची प्लायची पेटी करून दिली, समोर सरकत्या काचा. "साहेब, देव्हारा करताय का?" असं त्यानं माप घेताना विचारलं, उत्तर ऐकल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, पण काम चोख केलं. वाळू काढून टाकली. वाळू अन्नाबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. खाली वर्तमानपत्र, आणि बल्बखाली कडप्प्याचा तुकडा दोन विटांवर. कडप्पा मुद्दाम घेतला. तो ऊब धरून ठेवतो, आणि खरबरीत असल्यामुळे गनला खरं तापमान सांगतो. चकचकीत स्टीलवर गन बेधडक खोटं बोलते, हे कंपनीत शिकाऊ पोरांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. पिवळा बल्ब काढून हॅलोजनचा फ्लड बल्ब लावला, त्याला डिमर. विटा कमी-जास्त करून कडप्पा ४० वर आणला.

यूव्हीचा प्रकार मात्र गंमतीचा होता. बल्ब चालू होता, निळसर उजेड पडत होता, बघणाऱ्याला वाटावं सगळं व्यवस्थित आहे. पण यूव्ही-बी किरण काचेतून जातच नाहीत. झाकणावरचा तो बल्ब दिवाळीच्या माळेइतकाच उपयोगी होता. हे किरण कातडीवर पडले की ड३ जीवनसत्त्व तयार होतं, ड३ असेल तर आतड्यातून कॅल्शियम उचललं जातं, आणि कॅल्शियम नसेल तर हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पायाची बोटं थरथरतात. अशा जबड्यानं चावायला गेलं तर दुखतं, म्हणूनही प्राणी जेवण सोडतो. खंडूचा जबडा मी दोन बोटांत हलकेच दाबून बघितला, टणक लागला. जीव भांड्यात पडला. बारा टक्के यूव्ही-बीची टी-फाइव्ह ट्यूब मागवली आणि पेटीच्या आतच, पाठीपासून फूटभर वर बसवली. ही ट्यूब उजेड देत राहिली तरी तिचं यूव्ही वर्षभरात उतरतं, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवली आहे.

ट्यूब येईपर्यंत गच्चीवरचं फुकटचं ऊन होतंच. सकाळी नऊनंतर वेताच्या टोपलीत खंडूला घेऊन वर जायचो. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नये, आत काही मिनिटांत भट्टी होते. टोपलीतून उचलून कठड्याजवळ ठेवला की हा आधी गडद व्हायचा, मग बरगड्या पसरून थापलेल्या भाकरीसारखा सपाट व्हायचा आणि सूर्याकडे पाठ तिरकी करायचा. पंधरा-वीस मिनिटांनी रंग परत हळदीवर. एकदा वरून घार गेली. मला ती दिसायच्या आधी खंडू जागच्या जागी दगड झाला होता. यांच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो, त्याखाली तिसरा डोळा. चित्र दिसत नाही त्याला, उजेड-सावली कळते. त्यानंतर मुलीला मी ताकीद दिली की हात वरून न्यायचा नाही, बाजूनं, त्याला दिसेल असा न्यायचा. पेटीच्या कडेच्या काचेला आतून कागद चिकटवला, कारण काचेत स्वतःचंच बिंब बघून हा दाढी काळी करत होता. दुसरा नर समोर उभा असताना कोण जेवणार?

वजन ३०४ झालं. मग २९८.

आता डॉक्टर. नाशकात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, सरडा बघणारा डॉक्टर शोधावा लागतो. मिळाले त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "शी आणू शकाल? ताजी, काही तासांतली." इथेच घोडं अडलं. जो खात नाही तो करणार कुठून? डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात बसवा.

मग आमच्या बाथरूममध्ये रोज सकाळी सोहळा. प्लॅस्टिकचं घमेलं, त्यात खंडूच्या कोपरापर्यंत येईल एवढंच पाणी, तेहतीस-चौतीस अंश. मी गननं मोजायचो आणि आई माझ्या डोळ्यांदेखत स्वतःचं कोपर बुडवून पुन्हा खात्री करायची. मुलगी नाकाच्या शेंड्यावर चमच्यानं एकेक थेंब सोडायची. वाटीतलं साचलेलं पाणी या प्राण्याला पाणी म्हणून सहसा कळत नाही. थेंब ओघळला की जीभ बाहेर यायची, गुलाबी, जाड, टोकाला बोथट, आणि एकदा सुरू झाला की चपक-चपक करत बराच वेळ प्यायचा. बायको दारात उभी राहून "झालं का?" विचारायची आणि आम्ही तिघं मान हलवायचो. घरात चार माणसं एका सरड्याच्या पोटाकडे डोळे लावून बसली आहेत, कुणी ऑफिसला निघत नाही, हे दृश्य काकूंनी एकदा पाहिलं आणि नंतर त्यांनी अंड्याचा विषय काढला नाही. शेवटी एका सकाळी काम फत्ते झालं. त्यात पांढरा खडूसारखा भाग असतो तो युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या लघवीचा. तो मऊ पांढरा असला तर पाणी पुरेसं, पिवळा-केशरी आणि कडक असला तर अंगात पाणी कमी. आमचा पिवळट होता. स्वच्छ डबीत घेऊन मी दुचाकी काढली.

डॉक्टरांनी आधी तोंड बघितलं. पातळ प्लॅस्टिकच्या कार्डाची कड ओठांच्या फटीत अलगद सरकवली आणि थांबले, खंडूनं आपणहून तोंड उघडलं. चमचा-बिमचा घालून कधी उघडू नका म्हणाले, कारण बाजूचे दात जबड्याच्या हाडालाच जडलेले असतात, तुटले तर पुन्हा येत नाहीत. हिरड्या स्वच्छ होत्या. मी विचारलं, थंडी आहे, हा थंडीतली झोप तर घेत नाही ना? मोठे बिअर्डेड ड्रॅगन थंडीत काही आठवडे खाणं-पिणं कमी करून कोपऱ्यात झोपून काढतात, त्यात वजन फारसं घटत नाही. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की नव्यानं आणलेल्या प्राण्याच्या बाबतीत हे उत्तर सगळ्यात शेवटी स्वीकारायचं. आधी शी तपासायची. पोटात जंत असताना "झोपलाय" म्हणून सोडून दिला तर झोपेत जंतच पोसले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली पिनवर्मची अंडी निघाली, बरीच. दुसरा नेहमीचा संशयित कॉक्सिडिया, आतड्यातला सूक्ष्म परजीवी, तो नव्हता. वजनावरून मोजून फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं, ठरावीक दिवसांनी पुन्हा एक फेरी. हे औषध नावावरून दुकानातून आणून घरी अंदाजानं द्यायचं नसतं, ग्रॅममधल्या प्राण्याला थेंबाचा फरकही मोठा असतो. मी हेही विचारलं की सिरिंजनं काही भरवू का. ते म्हणाले, २८१ अजून लांब आहे, ऊब आणि पाणी चालू ठेवा. जबरदस्तीनं भरवलेलं श्वासनलिकेत गेलं तर आजार एक होता तिथे दोन होतील.

जंतांच्या औषधाबरोबर घरकाम वाढतं हे कुणी आधी सांगत नाही. अंडी शीतून बाहेर पडतात आणि तीच पुन्हा पोटात जातात, म्हणून वर्तमानपत्र रोज बदलायचं, कडप्प्यावर उकळतं पाणी ओतायचं. महिनाभर आमच्याकडे पेपर वाचून होण्याआधीच खंडूकडे जात होता.

आणि आता अळ्यांकडे. सुपरवर्ममध्ये चरबी भरपूर, कॅल्शियम नावाला. चटक मात्र लागते. मला त्याला परत तिथे न्यायचं नव्हतं. कंपनीतल्या एका सहकाऱ्याचे सासरे येवल्याकडे रेशीम अळ्या पाळतात, तिथे पैठणीमुळे रेशमाचं नाव सगळ्यांना ठाऊक. रेशीम अळी मऊ, पाणीदार, कमी चरबीची, आजारातून उठणाऱ्या सरड्याला याहून हलकं खाणं नाही. त्या शेतकऱ्यानं शेडच्या दारातच थांबवलं, चप्पल बाहेर, चुन्यात पाय. तंबाखू खाल्लेल्या हातानं अळीला शिवाल तर मरेल म्हणाले. मला मोठ्या, कोष करायला आलेल्या अळ्या नको होत्या. सरड्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर त्याहून मोठी अळी द्यायची नसते, म्हणून तिसऱ्या अवस्थेतल्या मागितल्या. "सरड्याला?" म्हणून ते हसले, आणि पैसे घ्यायला तयार होईनात. सोबत तुतीचा पालाही बांधून दिला. त्या पाल्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे, कारण तुतीवर फवारा मारला तर पहिल्यांदा त्यांच्याच अळ्या मरतील.

पिंपळगावच्या पाहुण्यांनी द्राक्षाचा पाला पाठवायची तयारी दाखवली होती. द्राक्षाची पानं या सरड्यांना चालतात, पण चांदवडपासून दिंडोरीपर्यंतच्या बागांवर किती फवारण्या होतात ते नाशिककराला वेगळं सांगायला नको. नम्रपणे नको म्हटलं. शेतातले नाकतोडेही त्याच कारणानं बाद.

अळी मी कडप्प्याच्या कडेला ठेवली, दिवे लागून दीड तास झाला होता, खंडू तापून तोंड किंचित उघडं टाकून बसला होता. अळीनं डोकं वर उचललं. खंडूनं मान तिरकी केली, एक डोळा खाली. जिभेचं टोक बाहेर आलं आणि त्यानं अळी सोडून कडप्पाच चाटला. पुन्हा मान तिरकी. मुलीनं माझी बाही पिरगळून धरली होती. मग तो पुढे झेपावला, अळी आडवी पकडली, दोनदा चावली. ओठाच्या कोपऱ्यातून तुतीचा हिरवा रस आला. गिळलं. मुलीनं हळूच दुसरी ठेवली. बायकोनं आतून विचारलं, "झालं का?" पण ती बाथरूमच्याच विषयावर होती.

तिथून पुढे वजन वाढायला फार वेळ लागला नाही. २९६ हा तळ ठरला. पाल्याचं मात्र भांडण लांबलं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनचं पाऊण जेवण पाला असावं लागतं आणि आमचा पठ्ठ्या दोन वर्षं अळ्यांवर वाढलेला. सकाळी भूक कडकडीत असते तेव्हा फक्त पाला ठेवायचा, अळ्या दुपारी, हा नियम केला. दिवे जायच्या दोन तास आधीपासून काहीच नाही, पचायला ऊब लागते. तुतीचा आणि शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून, थोडी कोथिंबीर, वरून किसलेला लाल भोपळा आणि जास्वंदीची पाकळी, कारण पिवळ्या-लाल रंगाकडे तो आधी जातो. पाल्यात एक अळी सोडायची. ती हलली की झेप घेतो आणि तोंडात अळीबरोबर पाला येतोच. काही दिवस तो पाला थुंकत होता. नंतर थुंकायचा कंटाळा केला असावा. पालक देत नाही, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. आईला हे अजून मान्य नाही. "रक्त वाढतं पालकानं," असं ती मला सांगते, खंडूला सांगते, आणि डॉक्टरांनाही एकदा फोनवर सांगून झालंय.

कॅल्शियमची पावडर अळ्यांवर भुरभुरतो. अळ्यांनाही उपाशी ठेवत नाही, त्यांच्या पोटात असेल तेच खंडूच्या पोटात जाणार.

सध्या एप्रिल चालू आहे, काटा ३४८ दाखवतो आणि चिंता उलटी झाली आहे. दुपारी हॉलच ३६-३७ वर जातो, त्यामुळे सावलीचं टोक सावलीचं राहत नाही. डिमर खाली आणलाय, हीटर माळ्यावर गेला, पेटीच्या मागच्या प्लायला सुताराकडून आणखी भोकं पाडून घेतली. वीज गेली तर थंडीत काळजी होती, आता उलट सोय होते. मुलगी भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचा बेत करतेय आणि येताना खंडूसाठी दोन आणू का म्हणाली. अजिबात नाही. काजव्याच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या अमेरिकेत नोंदी आहेत. चमकणारं काहीही पेटीत जाणार नाही, हे फ्रिजच्या बाजूला २८१ च्या खाली लिहून टाकलं.

येवल्याहून आणलेल्या तुतीच्या काड्या बाल्कनीत तीन कुंड्यांत खोचल्या आहेत. दोन वाळल्या, एकीनं मूळ धरलंय. पावसाळ्यात ती घरच्यापुरता पाला देईल असं दिसतंय, तोवर दर रविवारी सहकाऱ्याच्या सासऱ्यांकडून पिशवी येते आणि पैसे घ्यायला ते अजूनही तयार नाहीत.